धूमकेतूच्या धुरात काय असते?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या धाकट्या मुलाच्या हाती मोबाइलवर एक व्हिडिओ लागला. दूरच्या कुठल्या ताऱ्याकडून आलेल्या ‘थ्री-आय ॲटलास’ नावाच्या धूमकेतूतून सायनाइड बाहेर पडते आहे, असे त्यात सांगितले होते. मागे भेसूर संगीत आणि शेवटी ‘हे दहा जणांना पाठवा’ अशी ताकीद. चांदरातीला सगळ्यांच्या आधी गच्चीवर धावणारा मुलगा आता अंधार पडल्यावर गच्चीचा जिना चढायला तयार नाही. त्यात दादींनीही भर घातली, की दुमदार सितारा उगवला की कुठेतरी काहीतरी बिघडतेच. बाईंचा प्रश्न साधा आहे : सायनाइडची गोष्ट खरी की खोटी?

खरी आहे. म्हणूनच तिचे उत्तर एका ओळीत देऊन भागणार नाही. खोटी असती तर ‘दुर्लक्ष करा’ एवढे लिहून आम्ही मोकळे झालो असतो. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींना २०२५ साली त्या धूमकेतूच्या वायूत सायनोजेन दिसले. पण आजवर ज्या ज्या धूमकेतूचा प्रकाश नीट तपासला गेला, त्यातल्या बहुतेकांत ते दिसलेले आहे. आणि हा पाहुणा पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो डिसेंबर २०२५ मध्ये, तेही सुमारे २७ कोटी किलोमीटरवर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे हा धूमकेतू सूर्यापेक्षाही लांबून निघून गेला.

मुलाची भीती एवढ्याने जाईल का, हे आम्ही सांगू शकत नाही. अंतराने धीर येतो, पण ‘तिथे विष आहे’ हे वाक्य डोक्यात राहतेच. तेव्हा आज धूमकेतूत नेमके काय काय असते, तेच पाहू.

आधी नावे. संस्कृतात तो धूमकेतू, म्हणजे धुराचा झेंडा. गावाकडे म्हातारी माणसे शेंडेनक्षत्र म्हणायची. आपल्या घरांत दुमदार सितारा म्हणतात. सगळी नावे शेपटीवरून पडलेली आहेत, आणि गंमत अशी की शेपटीत जवळजवळ काहीच नसते. खरा माल असतो तो पुढच्या टोकाला, काही किलोमीटर लांबीरुंदीच्या एका काळ्याकुट्ट गोळ्यात. तो सूर्याजवळ आला की त्यातला बर्फ पाणी न होता थेट वाफ होतो. वाफेबरोबर धूळ उडते, आणि दोन्ही मिळून लाखो किलोमीटर पसरतात.

हा गोळा काय आहे, हे माणसाला फार उशिरा कळले. १५७७ साली एक तेजस्वी धूमकेतू दिसला. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन या खगोलज्ञाची वेधशाळा नुकतीच उभी राहत होती. त्याने तो पाहिला आणि सुलतान मुराद तिसरा याला सांगितले, की हे शुभचिन्ह आहे, इराणवर विजय मिळेल. पुढे शहरात प्लेगची साथ आली, काही मोठी माणसे गेली, आणि १५८० च्या जानेवारीत वेधशाळाच पाडली गेली. पाडण्यामागे दरबारी राजकारणही होते, असे इतिहासकार सांगतात. तोच धूमकेतू डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे पाहत होता. त्याने वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले वेध ताडून दाखवले, की ही वस्तू चंद्राच्याही पलीकडे आहे. तोवर युरोपातले पंडित अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने धूमकेतूला हवेत पेटलेली वाफ समजत होते. एकाच उन्हाळी-पावसाळी हवेचा खेळ नाही, हे ठरले. पण तो कशाचा बनला आहे, ते सांगायला पुढची तीनशे वर्षे कोणाकडे साधनच नव्हते.

साधन आले ते वर्णपटाचे. कोणताही वायू तापला किंवा चेतवला गेला की ठरावीक रंगांच्या रेषांत चमकतो. प्रत्येक वायूच्या रेषा वेगळ्या, अंगठ्याच्या ठशासारख्या. १८६४ मध्ये इटलीच्या डोनाटीने प्रथमच धूमकेतूचा प्रकाश लोलकातून पाहिला. त्याला तीन पट्टे दिसले, पण ते कशाचे हे कळेना. चार वर्षांनी लंडनच्या विल्यम हगिन्सने घरच्या वेधशाळेत एका कार्बनी वायूतून विजेची ठिणगी पाडली आणि तिचे पट्टे धूमकेतूच्या पट्ट्यांशेजारी ठेवून पाहिले. जुळले. कोट्यवधी किलोमीटरवरच्या वस्तूत कार्बन आहे, हे माणसाने घरात बसून ओळखले. आम्हाला विचाराल तर चंद्रावर पाऊल ठेवण्याइतकीच ही मोठी गोष्ट आहे, फक्त तिचे छायाचित्र नाही. २०२३ च्या सुरुवातीला ‘हिरवा धूमकेतू’ म्हणून ज्याची चर्चा झाली, त्याचा हिरवा रंगही याच कार्बनचा. दोन कार्बन अणूंची जोडी उन्हात हिरवी चमकते, पण त्याच उन्हाने ती तुटतेही. म्हणून डोके हिरवे दिसते आणि शेपटी नाही.

हगिन्सनेच १८८१ मध्ये दुसऱ्या एका धूमकेतूच्या वर्णपटाचे छायाचित्र घेतले आणि त्यात सायनोजेनचे पट्टे सापडले. जाणकार मंडळींत ही नोंद जवळजवळ तीस वर्षे गुपचूप पडून होती. मग १९१० साल आले. हॅले धूमकेतू परतला होता, आणि मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार असे गणित निघाले. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेने त्यात सायनोजेन दिसल्याचे सांगितले. न्यू यॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्राने त्यासोबत कामीय फ्लामारियाँ या फ्रेंच खगोललेखकाचे मत छापले : हा वायू हवेत मिसळून पृथ्वीवरची जीवसृष्टी संपवू शकेल. बाकीच्या खगोलज्ञांनी हे लगेच खोडून काढले. पण खुलाशाचे पाय नेहमीच अफवेपेक्षा आखूड असतात. लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. ‘धूमकेतूवरच्या गोळ्या’ विकल्या गेल्या आणि घेतल्याही गेल्या. १८-१९ मेची रात्र आली आणि गेली. कोणालाही साधी शिंकसुद्धा आली नाही.

त्या लोकांना आपण हसू नये. त्यांना सांगितलेले खोटे नव्हते. वायूचे नाव बरोबर होते, फक्त त्याचे माप सांगायचे राहिले होते. शेपटी इतकी विरळ असते, की प्रयोगशाळेत पंप लावून हवा काढून टाकलेल्या भांड्यातही तिच्यापेक्षा जास्त काही शिल्लक राहते. धूमकेतूतून निघणाऱ्या पाण्याच्या दर हजार रेणूंमागे हायड्रोजन सायनाइडचे एक-दोन रेणू असतात, आणि तेही पुढे अफाट पोकळीत पांगून जातात. शीरखुर्म्यासाठी बदाम सोलताना एखादा कडू निघतो. त्या कडू बदामातही सायनाइड देणारे द्रव्य असते. आपण तो थुंकतो, चूळ भरतो आणि पुढचा बदाम सोलतो. ईद मोडत नाही.

हॅले पुन्हा आला १९८६ मध्ये. या वेळी माणसाने खिडक्या बंद केल्या नाहीत, उलट याने पाठवली. सोव्हिएत संघाची दोन व्हेगा याने आणि युरोपचे जॉतो. १४ मार्चला जॉतो हॅलेच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले, सेकंदाला ६८ किलोमीटर या वेगाने. त्या वेगात तांदळाच्या कणीएवढी धूळही बंदुकीच्या गोळीहून वाईट. यान डगमगले, काही काळ संपर्क तुटला, कॅमेरा कायमचा आंधळा झाला. पण तोवर कामाची माहिती घरी पोचली होती. बाहेर पडणाऱ्या वायूत सुमारे ८० टक्के पाण्याची वाफ होती. बाकीच्यात कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे थोडे मिथेन, अमोनिया. गाभा चमकदार बर्फाचा असेल असे वाटले होते, तर तो कोळशाहून काळा निघाला. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम चार टक्के परत फिरत होता. आणि धुळीत एक नवल होते. नुसते दगडाचे कण नव्हते. काही कण जवळजवळ पूर्णपणे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचे होते. आपले शरीरही मुख्यतः याच चारांचे आहे.

पण जॉतो वाऱ्यासारखे आले आणि गेले. धूमकेतूच्या सोबत राहून त्याचा वास घ्यायचा, तर रोझेटाची वाट पाहावी लागली. २००४ मध्ये निघालेले हे युरोपीय यान दहा वर्षांनी, ६ ऑगस्ट २०१४ रोजी ‘चुर्युमोव-गेरासिमेन्को’ नावाच्या चार-साडेचार किलोमीटर लांबीच्या धूमकेतूपाशी पोचले आणि दोन वर्षे त्याच्याभोवती फिरत राहिले. वास घ्यायचा हे आम्ही उगाच म्हटले नाही. त्यावर रोझिना नावाचे उपकरण होते. आत येणारा प्रत्येक रेणू तोलायचा आणि वजनावरून तो कोण ते ओळखायचे, हे त्याचे काम. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या कातरिन आल्टवेग या बाई त्याच्या प्रमुख होत्या. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी धूमकेतूच्या वासाची यादीच जाहीर केली. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडलेली अंडी. अमोनिया, म्हणजे घोड्यांचा तबेला. फॉर्माल्डिहाइडचा नाकात झोंबणारा दर्प, सल्फर डायऑक्साइडचा आंबूस, हायड्रोजन सायनाइडचा कडू बदामासारखा, आणि वर कार्बन डायसल्फाइडची गोडसर झाक. ब्रिटनमधल्या संशोधकांनी या यादीवरून एका सुगंध बनवणाऱ्या कंपनीकडून खरोखरच तसा वास तयार करून घेतला आणि २०१६ मध्ये लंडनच्या विज्ञान प्रदर्शनात तो पोस्टकार्डांवर लावून वाटला. आपल्याकडे मोगरा, हीना, ऊद यांच्या कुप्या जपणाऱ्या मंडळींनी याची मागणी करू नये, एवढेच सुचवतो.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच अपेक्षेत नव्हती. त्या वायूत ऑक्सिजन होता, आपण श्वासात घेतो तोच, पाण्याच्या शंभर रेणूंमागे जवळजवळ चार. ऑक्सिजन हा सहज दुसऱ्याशी जुळणारा वायू. साडेचार अब्ज वर्षे तो एकटा कसा राहिला? बर्फ तयार होतानाच तो त्यात अडकून बसला असावा, हे उत्तर पुढे आले. त्यावर वाद अजून चालू आहेत.

आता धूळ. धुळीबद्दलचे आमचे सर्वांत आवडते काम अमेरिकेच्या स्टारडस्ट यानाचे. २ जानेवारी २००४ रोजी ते ‘विल्ट-२’ धूमकेतूजवळून गेले आणि टेनिसच्या रॅकेटसारख्या जाळीत त्याची धूळ पकडून आणली. जाळीच्या चौकोनांत एरोजेल होते. हा काचेच्या घटकांचाच, पण जवळजवळ सगळा हवेने भरलेला पदार्थ, गोठलेल्या धुरासारखा दिसणारा. सेकंदाला सहा किलोमीटरने येणारे कण त्यात रुतले आणि थांबले. १५ जानेवारी २००६ रोजी ती कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. सगळी धूळ मिळून जिभेवर ठेवायच्या मिठाएवढीही नव्हती.

तिच्यात सापडले काय? सूर्यापासून अतिदूर, उणे दोनशे अंशांच्या आसपासच्या थंडीत जमलेल्या गोळ्यात हजार अंशांहून अधिक तापमानाशिवाय बनतच नाहीत असे खनिजांचे कण. भट्टीतला माल बर्फाच्या लादीत. म्हणजे सूर्य नवा होता तेव्हा त्याच्या अगदी जवळ भाजले गेलेले कण कसे तरी बाहेर फेकले गेले, सूर्यमालेच्या टोकापर्यंत पोचले आणि तिथल्या बर्फात मिसळले. धूमकेतू म्हणजे दूरच्या थंड कोपऱ्यातला अस्पर्श बर्फ, हे चित्र त्या चिमटीभर धुळीने बदलले. पुढे रोझेटाच्या दुसऱ्या एका उपकरणाने धुळीचे कण तपासले, तेव्हा वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बनी पदार्थांचा निघाला आणि उरलेला खनिजांचा. गाभा इतका काळा का, त्याचे उत्तर यात आहे. तवा जळला की जो काळा थर बसतो, त्याच जातीचे हे प्रकरण.

मग पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनी आणले, असे म्हणतात ते? इथे थोडे थांबावे लागेल. पाण्यातल्या हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्यूटेरियम. आपल्या समुद्रात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियम असतो. धूमकेतूच्या पाण्यात हेच प्रमाण निघाले तर नाते जुळते. २०११ मध्ये ‘हार्टली-२’ धूमकेतूत ते जवळजवळ समुद्राइतकेच निघाले आणि सगळे आनंदले. २०१४ मध्ये रोझेटाने मोजले तर तिप्पट. मथळे उलटे झाले : पाणी धूमकेतूंचे नाहीच! आणि २०२४ मध्ये नासाच्या कॅथलीन मँट यांच्या गटाने रोझेटाची सोळा हजारांहून अधिक मोजमापे पुन्हा चाळली, तेव्हा दिसले की धुळीने वजनात गडबड केली होती. गाभ्याजवळच्या धुळीच्या कणांवर जड पाणी चिकटून राहते, त्यामुळे जिथे धूळ दाट तिथे जड पाणी जास्त दिसते. धुळीपासून लांब मोजले तर प्रमाण बरेच खाली येते, पृथ्वीच्या जवळ. दुकानदाराने तराजूत पिशवीसकट साखर तोलावी, तसे झाले होते. प्रश्न मिटलेला नाही. आपल्या पाण्याचा मोठा वाटा काही विशिष्ट लघुग्रहांसारख्या दगडांतून आला, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण धूमकेतूंना यादीतून खोडून टाकता येत नाही.

लव्हजॉय धूमकेतूचेही सांगून टाकतो, कारण कोणीतरी विचारेलच. २०१५ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी त्याच्या वायूत एथिल अल्कोहोल आणि एक साधी साखर ओळखली. भरात असताना तो सेकंदाला पाचशे वाइनच्या बाटल्यांइतके अल्कोहोल सोडत होता, असा हिशेब त्यांनी मांडला आणि जगभर तेवढेच वाक्य छापून आले. साखरेकडे कोणी पाहिले नाही. आमच्या मते बातमी साखरेची होती.

कारण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. स्टारडस्टच्या एरोजेलमध्ये ग्लायसिन सापडले, प्रथिने ज्या ॲमिनो आम्लांची बनतात त्यांतले सर्वांत साधे. ते इथल्या माणसांच्या हातचे नसून अंतराळातलेच आहे, हे त्यातल्या कार्बनच्या जातीवरून २००९ मध्ये सिद्ध केले गेले. रोझेटाला धूमकेतूच्या भोवतीच्या वायूत ग्लायसिन थेट मिळाले आणि फॉस्फरसही. फॉस्फरस नसेल तर ना पेशीचे आवरण, ना डीएनएचा धागा. आणि सायनाइड? १९६० च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे स्पॅनिश रसायनशास्त्रज्ञ होआन ओरो यांनी अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड यांचे पाण्यातले मिश्रण तापत ठेवले. त्यातून ॲडेनिन तयार झाले. डीएनएची अक्षरे चार, त्यांतले एक ॲडेनिन. त्याचा रेणू उघडून पाहिला तर तो हायड्रोजन सायनाइडच्या बरोबर पाच रेणूंएवढा असतो, ना कमी ना जास्त. ओरो यांनीच १९६१ मध्ये सुचवले, की तान्ह्या पृथ्वीवर असा कच्चा माल धूमकेतूंनी आणून टाकला असेल.

१९१० मध्ये ज्याच्यासाठी फटी बुजवल्या, ते हे द्रव्य. धूमकेतूत जीव आहेत असे मात्र यावरून कोणी म्हणू नये. पीठ, गूळ आणि तूप फडताळात आहे म्हणजे मलीदा तयार आहे असे होत नाही. धूमकेतूत फडताळ दिसले आहे, चूल दिसलेली नाही.

आता पत्रातल्या पाहुण्याकडे. थ्री-आय ॲटलास हा आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला, माणसाला ठाऊक झालेला तिसरा पदार्थ. त्याचे पदार्थ दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याच्या घरात शिजले. म्हणून त्याच्या वायूकडे सगळ्या दुर्बिणी वळल्या. सूर्यापासून अजून लांब असताना जेम्स वेब दुर्बिणीने पाहिले, तर त्यातून पाण्यापेक्षा सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड निघत होता. आपल्याकडच्या धूमकेतूंत इतके क्वचितच आढळते. निकेलचे अणूही दिसले, ते आपल्या धूमकेतूंतही असतात. सायनोजेन दिसले, तेही आपल्यासारखेच. व्हिडिओ बनवणाऱ्याने या सगळ्या यादीतून एकच शब्द उचलला. दादींना हे असे सांगता येईल : परक्या मुलखातल्या घरीही स्वयंपाकाचे साहित्य बरेचसे आपल्याच घरातले निघाले, फक्त मापे वेगळी होती.

मुलाला मात्र सांगण्यापेक्षा करून दाखवावे. परदेशातल्या शाळांत शिक्षक वर्गात धूमकेतू बनवतात, तो घरीही जमतो. मोठे पातेले घ्या, त्याला आतून कचऱ्याची जाड प्लास्टिकची पिशवी लावा. त्यात दोन कप पाणी, दोन चमचे बारीक वाळू, चमचाभर कोळशाची पूड, चमचाभर काकवी आणि साफसफाईच्या अमोनियाचे चार थेंब टाकून ढवळा. मग दोन-अडीच कप कुस्करलेला कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, घाला. आइस्क्रीम किंवा गोठवलेला माल लांब पाठवणाऱ्यांकडे तो मिळतो. पिशवी वरून दाबून गोळा वळा, लाडू वळतो तसा. हा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. तेव्हा जाड हातमोजे मोठ्या माणसाने घालावेत आणि गोळाही मोठ्या माणसानेच वळावा. उरलेला बर्फ बाटलीत किंवा झाकणाच्या डब्यात बंद करू नये, वायूच्या दाबाने डबा फुटतो.

पिशवी सोडली की काळा, ओबडधोबड, धुमसणारा गोळा हाती येईल. थोड्या वेळाने त्याच्या एखाद्या भोकातून वाफेची धार सुटेल, रोझेटाच्या छायाचित्रांत दिसते तशी. मुलाला टॉर्च धरून ती धार पाहू द्या. आणि हे सगळे करताना खोलीच्या खिडक्या सताड उघड्या ठेवा.